स्ट्रायकर आणा म्हणणाऱ्यांनो, आधी मधली फळी बघा

कोपरीचा सहा नंबर

परवा या फोरमवरच्याच एका मित्राने लिहिलं की आपला फुटबॉल संघ मुंबई सिटी संपला. जानेवारी २०२५ च्या खेळाडूंच्या बदल्या चालू आहेत तोवर एक खणखणीत परदेशी स्ट्रायकर आणा, विंगर छांगतेला दोन सामने बाकावर बसवा आणि कोच क्रॅट्कीला मेलबर्नचं तिकीट काढून द्या. खाली सगळे ‘बरोबर बोललास भावा’. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मे २०२४ मध्ये सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ ने हरवून आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) कप आणला, तेव्हाचा संघ आठवा. त्यातले गेले कोण? अपुइया गेला, तोही नेमका बागानकडेच. नोगेरा, परेरा डियाझ आणि राहुल भेके बेंगळुरूला. तुम्ही या यादीतला फक्त डियाझ बघता, कारण गोल तो करायचा. मी अपुइया बघतो. समोरच्याच्या पायातून चेंडू काढायचा आणि पुढच्या दोन टचमध्ये तो पुढे द्यायचा, हे काम आता कोण करतं? व्हॅन नीफ एकटा किती पळणार? ब्रँडन पास देणारा माणूस आहे, चेंडू हिसकावणारा नाही. त्याला त्या कामाला लावलं तर तोही वाया आणि कामही वाया.

गेल्या सामन्यात मी मुद्दाम फक्त छांगतेकडे बघत बसलो होतो. त्याला चेंडू मिळतो कुठे? बाजूरेषेला चिकटून, मध्यरेषेच्या जरासा पुढे, पाठ गोलकडे आणि अंगावर दोघं. तिथून त्याने करायचं काय? दोन वर्षांपूर्वी हाच माणूस बचावपटूच्या मागच्या मोकळ्या जागेत पळत पळत चेंडू घ्यायचा, कारण मागून तो वेळेवर यायचा. आता तिरी मागून उंच मारतो, कारेलिस डोक्याने झुंजतो, चेंडू परत त्यांच्याकडे. डाळच शिजली नसेल तर वाढणारा बदलून काय उपयोग?

आणि परदेशी आणा म्हणणं सोपं आहे. संघात सहा, मैदानावर चार. आपले सहा भरलेत. आणायचा तर घालवायचा कुणाला, तेही लिहा ना. मला विचाराल तर भारतीय सहा नंबर हवा, म्हणजे बचावाच्या पुढे उभा राहून चेंडू हिसकावणारा, आणि तोच मिळणं सगळ्यात कठीण.

घणसोली एक्सप्रेस

तो ‘मित्र’ मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं, मी काही तुमच्या घरी येऊन भांडणार नव्हतो.

निबंध छान आहे. आता एक सांगा. त्याच फायनलला तिसरा गोल कुणी टाकला? व्होयटुसने, ९०+७ ला. बाकावरून आलेल्या माणसाने. आज सत्तराव्या मिनिटाला कोच मागे वळून बघतो तेव्हा तसा कोण दिसतो? कारेलिस दमला की संपलं. मधल्या फळीचं तत्त्वज्ञान ठीक आहे, पण गोल मोजतात, पास नाही.

आणि क्रॅट्की. आपला मालक सिटी फुटबॉल ग्रुप कोच शोधतो का मेलबर्नहून पार्सल मागवतो? आधीचा कोच बकिंगहॅम तिथूनच, हाही तिथूनच. बकिंगहॅम जमला म्हणून प्रत्येक जण जमेल असं कुठे लिहिलंय?

कोपरीचा सहा नंबर

बकिंगहॅम नोव्हेंबर २०२३ मध्ये अर्ध्या हंगामात इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडला निघून गेला. दुसऱ्याने बसवलेला संघ घेऊन क्रॅट्कीने पाच महिन्यांत कप जिंकला. टेबलात पहिल्या येणाऱ्याची शील्डही शेवटच्या दिवशी हुकली, बागानकडून १-२ हरून. त्या माणसाला तुम्ही एका जानेवारीत हाकलायला निघालात. बरं, तुम्ही शेवटचा सामना मैदानात कधी बघितलात? जिओ सिनेमावर बघून कोच काढणं सोपं असतं.

घणसोली एक्सप्रेस

घणसोलीहून अंधेरीला आठवड्याच्या मधल्या दिवशी साडेसातच्या सामन्याला येऊन दाखवा, मग बोला. ठाण्याला या, तिथून घाटकोपर, मग मेट्रोची ती रांग, मग आझाद नगर. साडेसहाला ऑफिस सुटतं. मी पोचेपर्यंत मध्यंतर.

सीवूड्सची स्मिता

शेवटी कुणीतरी बोललं! स्ट्रायकर की सहा नंबर ते तुम्ही ठरवा, मला एवढंच विचारायचंय की हा संघ नेरुळहून उचलून अंधेरीला नेला कुणासाठी? २०१४ आणि २०१५ ला डी. वाय. पाटीलवर सामने व्हायचे. मी तेव्हा कॉलेजात. एलपीच्या बसथांब्याला उतरायचं आणि चालत जायचं. अनेल्का, युनबर्ग ही युरोपात गाजलेली माणसं आपल्या सेक्टर ७ मध्ये खेळत होती, हे आता सांगितलं तर पोरं थापा समजतात.

गेल्या हंगामात मुलाला घेऊन अंधेरीला गेले होते. पनवेल-गोरेगाव लोकल पकडली म्हणून गाडी तरी बदलावी लागली नाही. सामना झकास चालला होता, पण दुसऱ्या दिवशी शाळा, म्हणून पंचाहत्तराव्या मिनिटाला उठलो. शहाजीराजे संकुलाच्या गेटबाहेर रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होते आणि मागून गर्जना आली. गोल. पोरगा काही बोलला नाही. स्टेशनपर्यंत रिक्षात माझ्याकडे पाठ करून बसला. आता म्हणतो, घरीच बघू. म्हणजे एक प्रेक्षक कमी झाला की नाही?

वर्तकनगर वेस्ट स्टँड

ताई, वाईट वाटलं, खरंच. पण भावनेत वाहून जाऊ नका. डी. वाय. हे क्रिकेटचं मैदान आहे. मधे एवढी गोल जागा सोडून बसायचं, पलीकडच्या कॉर्नरवर कोण उभा आहे ते कळत नाही. अंधेरीत मी आपल्या चाहत्यांच्या गटाच्या, वेस्ट ब्लॉक ब्लूजच्या मागे बसतो. लाइन्समनला काय म्हणालो ते त्याला ऐकू जातं, आणि तो वळून बघतोसुद्धा. सात-आठ हजारांत जो आवाज होतो, तो पन्नास हजारांच्या स्टँडमध्ये हरवून जाईल.

आणि इतिहासच काढायचा तर सगळा काढा. नेरुळच्या दोन्ही हंगामांत आपण प्लेऑफलाही गेलो नाही. २०१६ ला अंधेरीत आलो, फोर्लान आला, आणि पहिल्याच वर्षी टेबलात पहिले.

सानपाडा काका

अरे पण काय दिवस होते! पुण्याला ५-० मारलं होतं, मोरिट्झची हॅटट्रिक, आयएसएलमधली पहिली. पुढच्या वर्षी छेत्रीने नॉर्थईस्टला धुतलं, तीही हॅटट्रिक. मी दोन्ही वेळा हजर. प्लेऑफबिऑफ कोण मोजत होतं? वाशीचे, बेलापूरचे, पनवेलचे, सगळे ओळखीचे चेहरे दिसायचे. अंधेरीला गेलो तर माझ्या बाजूला बसलेला मुलगा मोबाइलवर लिव्हरपूल बघत होता.

वर्तकनगर वेस्ट स्टँड

काका, आदर आहे. पण छेत्रीच्या हॅटट्रिकच्या वर्षी आपण सहावे आलो, आणि तेव्हा संघ आठच होते.

ऐरोलीतला रांगडा

तुमचं मैदान-मैदान ऐकून हसू येतंय राव. कोल्हापूरला या एकदा. शाहू स्टेडियमला पाटाकडील आणि दिलबहार या तालमी समोरासमोर आले की बघा. परदेशी नाही, मेलबर्न नाही, ग्रुप नाही. तालमीची पोरं, पेठेतली माणसं आणि पोलीस बंदोबस्त. आमच्याकडे पोरगं कुठल्या पेठेतलं हे विचारतात, आणि तुमचा संघ कुठल्या गावचा हेच तुम्हाला माहीत नाही. अंधेरीचा का नेरुळचा? अहो, नावात मुंबई आहे आणि संघात मराठी नाव शोधायला भिंग लागतं. एक भेके होता, तोही जाऊ दिला.

कोपरीचा सहा नंबर

भेकेचं दुःख मलाही आहे. २०१९ ची फायनल बेंगळुरूला त्यानेच जिंकून दिली होती, जादा वेळेत, आणि तीही आपल्याच अंधेरीच्या मैदानावर. पण मराठी म्हणून नाही, बचावपटू म्हणून दुःख आहे. विषयावर येऊ या का?

सीवूड्सची स्मिता

विषय हाच आहे, दादा. लोक नाहीत तर संघ कुणाचा? मोठा सामना आला की नेरुळची आठवण बरोबर होते. ६ नोव्हेंबर २०२३. सौदीचा अल हिलाल आला तेव्हा कुठे खेळवलं? डी. वाय. पाटीलला! तेव्हा नाही कुणाला मैदान गोल वाटलं. त्यांचा नेमार आधीच जखमी होता, येणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तरी माणसं आली. आपण ०-२ हरलो आणि लोक टाळ्या वाजवत बाहेर पडले.

२०१७ ला सतरा वर्षांखालच्या मुलांच्या विश्वचषकाची स्पेन-माली सेमीफायनल इथे. २०२२ ला महिलांच्या आशियाई कपची फायनल इथे, त्याच वर्षी सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाची फायनलही इथे. सगळ्या जगाला हे मैदान चालतं, फक्त मुंबई सिटीला चालत नाही.

वर्तकनगर वेस्ट स्टँड

जग एक दिवस येतं आणि जातं. लीगला अख्खा हंगाम लागतो. मैदान खाजगी आहे, तिथे क्रिकेट आहे, आणि येत्या आठवड्यात कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम. त्या हिरवळीवर किती हजार लोक उड्या मारणार माहितेय? त्यानंतर तिथे व्हॅन नीफने जमिनीलगत पास द्यायचे?

आणि खरं सांगा, अल हिलाल सोडा, बुधवारी पंजाब एफसी आली तर नेरुळमधून किती जण येतील?

घणसोली एक्सप्रेस

मी येईन. ट्रान्स-हार्बर पकडून थेट नेरुळ. घरातले विचारणारसुद्धा नाहीत.

वर्तकनगर वेस्ट स्टँड

तुम्ही एक. बाकीचे?

सानपाडा काका

अहो, आत्ता म्हटलं ना मी, आम्ही यायचो!

दिवाळे कोळीवाडा

इतका वेळ वाचत होतो. कुणाला राग आला तर येऊ द्या. आमच्याकडे गावागावांत टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा होतात, टेम्पो भरभरून माणसं येतात, युट्यूबवर लाइव्ह असतं, मॅन ऑफ द सिरीजला मोटरसायकल. तिथेच शेजारी पोरं फुटबॉल खेळत असली तर त्यांना सांगतात, जरा बाजूला व्हा, पिच मारायचंय. मी त्या बाजूला होणाऱ्या पोरांतला. स्टेडियम नेरुळला आणलं म्हणून नवी मुंबई फुटबॉलची होत नाही. आमच्या पोरांना पायाखाली माती द्या. टर्फवाले तासाला हजार-बाराशे घेतात, दहा जणांत वर्गणी काढायची आणि पाचव्या मिनिटाला पुढची टीम जाळीबाहेर येऊन उभी. तुमचा भारतीय सहा नंबर तिथे तयार होणार आहे का?

कोपरीचा सहा नंबर

हे मात्र बरोबर बोललास. आणि मी वर लिहिलं तेच आहे हे, फक्त दुसऱ्या टोकाने. पाच-पाचच्या टर्फवर सहा नंबर घडतच नाही. तिथे मधली फळी नसतेच मुळी, भिंतीला मारा आणि पळा. पोरगं पंधरा वर्षांचं होतं तेव्हा पहिल्यांदा पूर्ण मैदान बघतं आणि कुठे उभं राहायचं तेच त्याला कळत नाही. विंगर मिळतात, सहा नंबर मिळत नाही, आणि जो एक मिळतो त्याला बागान पैसे टाकून घेऊन जातो.

वर्तकनगर वेस्ट स्टँड

म्हणजे अंधेरीचा काही दोष नाही, हे सिद्ध झालं. आभारी आहे.

सीवूड्सची स्मिता

काहीही सिद्ध झालेलं नाही! तुम्हाला घाटकोपरला मेट्रो पकडली की झालं, म्हणून इतक्या ऐटीत बोलताय. आपला सगळ्यात भारी संघ कोणता? २०२०-२१ चा. कोच लोबेराचा. बुमूस, जाहू, ले फाँड्र, शील्ड आणि कप दोन्ही. तो संघ आपण कुठे बघितला? घरी, टीव्हीवर. करोना होता, सगळी लीग गोव्यात बंद दाराआड. बिपिनने ९० व्या मिनिटाला फायनलचा गोल मारला आणि स्टँडमध्ये चिटपाखरू नव्हतं. पुढचं वर्षही गोव्यातच गेलं. लोकांशी नाळ तुटली ती तिथे. ती परत जोडायची वेळ होती तेव्हा तुम्ही आठ हजार खुर्च्यांच्या मैदानात जाऊन बसलात.

वर्तकनगर वेस्ट स्टँड

करोना मी आणला नव्हता.

बरं, एक मान्य करतो. हंगामातले दोन-तीन शनिवारचे सामने, बागान, ईस्ट बंगाल, ब्लास्टर्स, हे नेरुळला व्हायला हरकत नाही. ब्लास्टर्सचे लोक तर तसेही आपल्यापेक्षा जास्त येतील, पाहुण्यांना जागा पुरेल.

सीवूड्सची स्मिता

टोमणा मारल्याशिवाय मान्य करता येत नाही का?

वर्तकनगर वेस्ट स्टँड

ठाणेकर आहे, ताई. येत नाही.

घणसोली एक्सप्रेस

मैदानाचं झालं असेल तर माझंही ऐका. छांगतेला बसवा हे मागे घेतो. कोपरीवाल्यांनी सांगितलं तसं काल जुना सामना परत लावून बघितला, बिचाऱ्याला चेंडू खरंच कुजक्या जागी मिळतो. क्रॅट्कीचं मागे घेत नाही. प्लेऑफसाठी पहिल्या सहात राहतो की नाही याची धाकधूक आहे आणि हा माणूस ऐंशीव्या मिनिटापर्यंत बदल करत नाही. आणि तुमचा तो भारतीय सहा नंबर, जानेवारीत कुठला क्लब सोडणार? नाव द्या. नुसतं ‘सहा नंबर हवा’ तर मीही ओरडू शकतो.

कोपरीचा सहा नंबर

नाव असतं तर मी इथे टाइप करत बसलो असतो का? चांगले आहेत ते सगळे कराराने बांधलेले, आणि जे मोकळे आहेत ते आपल्या दुसऱ्या फळीपेक्षा सरस नाहीत. उसना कुणी मिळाला तर मिळाला. नाहीतर ब्रँडनला जरा वर ढकला, व्हॅन नीफच्या बाजूला कुणीतरी पळणारा द्या, दिसायला सुंदर नसला तरी चालेल, आणि सहावं स्थान गाठा.

ऐरोलीतला रांगडा

अनिकेत जाधव आणा.

कोपरीचा सहा नंबर

तो विंगर आहे, दादा.

ऐरोलीतला रांगडा

मग काय झालं? कोल्हापूरचा आहे.