मदत हवी आहे: जुने टूल-निकाल छाटले की प्रीफिक्स कॅशे वाया जातो

महापेच्या ऑफिसात २४ जीबीच्या एका आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्डवर, व्हीएलएलएममध्ये (मॉडेल चालवणारं सॉफ्टवेअर) क्वेन २.५ ७बी इन्स्ट्रक्ट हे भाषा-मॉडेल चालवतोय. काम: ठाण्यातल्या सोसायट्यांच्या मराठी तक्रारी वाचून योग्य टूल (बाहेरचा प्रोग्राम) बोलावणारा एजंट. टूलांचे निकाल संभाषणात साठत जातात.

मॉडेलचे वेट्सच १५ जीबी घेतात. त्यावर केव्ही कॅशे (वाचून झालेल्या टोकनांसाठी, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांसाठी, साठवलेल्या की आणि व्हॅल्यू): २८ लेयर, ४ केव्ही हेड, प्रत्येकी १२८, १६ बिट, की आणि व्हॅल्यू दोन्ही धरून, म्हणजे दर टोकनला ५६ केबी, ३२,७६८ टोकनांना पावणेदोन जीबी.

सिस्टिम प्रॉम्प्टच्या (मॉडेलला दिलेल्या कायमच्या सूचना) सुरुवातीची तारीख-वेळ शेवटी हलवली, टूलांचा क्रम पक्का केला. तिथवर प्रीफिक्स कॅशे (आधीच्या विनंतीशी सुरुवातीपासून जुळणाऱ्या भागाचा केव्ही कॅशे पुन्हा वापरणं) उत्तम लागतो. पण देवनागरी मजकूर इंग्रजीपेक्षा बरेच जास्त टोकन खातो, म्हणून जुने निकाल छाटावेच लागतात. मधलं काही काढलं की तिथून पुढचा सगळा कॅशे बाद, प्रीफिल (मॉडेलने तो मजकूर वाचणं) पुन्हा.

दर स्टेपला छाटावं, की टोकनांची मर्यादा भरत आल्यावर एकदाच सारांश करावा? आणि केव्ही कॅशे एफपी८ (१६ ऐवजी ८ बिट) केल्यास जागा निम्मी लागेल, पण टूलला पाठवायच्या जेसनमधले (ठरावीक साच्यातला डेटा) फ्लॅट नंबर चुकू लागतील का? ग्रामर (आउटपुटच्या रचनेचे नियम) लावून साचा सांभाळता येतो, आतली व्हॅल्यू नाही. खरी धास्ती तीच आहे. कुणी मोजून पाहिलं असेल तर सेटिंगसह आकडे द्या, प्लीज.