गोळ्या वर्षानुवर्षं, रक्त दर तीन महिन्यांनी. रिपोर्ट बघायचे कोणी?

दवाखाना_रोजचा: काल एकाने लिहिलं, 'फॅमिली डॉक्टरला रक्ततपासणीचा कसला आलाय भार? रिपोर्टवर नजर टाकायची, सही करायची.' वाचून डोकं तापलं. मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध, सुरू करतात त्याचे तज्ज्ञ. डोस बसेपर्यंत दर दोन आठवड्यांनी सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, यकृत, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, ते बघायचं मी. या औषधाने पांढऱ्या पेशी उतरू शकतात. उतरल्या की मागचे रिपोर्ट काढा, पेशंटला फोन करा, ताप आहे का, तोंड आलंय का विचारा. तज्ज्ञांचा फोन लागत नाहीच. त्यात कोणी वीस चाचण्यांचं पॅनेल केलं, की ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा रेषेबाहेर जायची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास. त्याचीही समजूत मीच घालायची.

आईची_लेक: भार असेल हो. माझ्या आईला मनाच्या आजारासाठी लिथियम चालू होतं, त्यावर गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी दिली. तिने रक्तातलं लिथियम वाढतं. हात इतके थरथरायला लागले की बशीत चहा सांडायचा. 'वय झालं' म्हणाले. शेवटी लिथियमची पातळी तपासली तर १.९, विषारी! आधी कोणीच बघितली नव्हती.

नमुना_नळी: मी लॅबवाला, डॉक्टर मंडळी बोलतायत म्हणून सांगतो. मूठ उघडझाप करायला लावून रक्त काढतात, नळी तासन्‌तास पडून राहते, पेशींतलं पोटॅशियम बाहेर येऊन रिपोर्टवर वाढलेलं दिसतं. शिव्या मात्र लॅबला.

दवाखाना_रोजचा: रात्री पोटॅशियम ६.२, म्हणजे धोक्याचं, असं कळवता, म्हातारा माणूस धावत इमर्जन्सीत जातो, तिथे नॉर्मल, ४.४ निघतं. नमुन्यातल्या पेशी फुटल्यात हे फोनवर सांगायला काय होतं?

नमुना_नळी: शेरा रिपोर्टवर होता.

दवाखाना_रोजचा: तळाला, बारीक अक्षरात!

नमुना_नळी: मग तळापर्यंत वाचा. सही तुमचीच असते ना?

दवाखाना_रोजचा: तोंड सांभाळून बोला. रात्री त्या घरच्यांना धीर मी दिला, तुम्ही नाही.

औषधवाला_जुना: पोटॅशियम पुरे. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेणाऱ्यांचं यकृत ठरावीक काळाने तपासायची शिफारस अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१२ मध्येच काढून टाकली. तरी त्या तपासणीच्या चिठ्ठ्या येतातच. ते थांबवा, लिथियमला वेळ मिळेल.

दवाखाना_रोजचा: स्टॅटिनचं बरोबर आहे, घ्या. पण औषध सुरू करणाऱ्याने निदान लिहून तरी द्यावं, काय, कधी तपासायचं आणि कितीला थांबवायचं.

आईची_लेक: आणि तोवर? पुढच्या महिन्याची चिठ्ठी जो लिहितो, त्याने आधी पातळी बघावी. गोळी कोणी सुरू केली, याच्याशी आईला काय करायचंय?