नर्सिंग कॉलेजच्या सल्लागार मंडळावर कोणाला बसवायचं?

गिरणाकाठ

आपल्या भागातल्या एका नर्सिंग आणि आरोग्यविज्ञान महाविद्यालयाने सल्लागार मंडळ नेमायचं ठरवलं आहे. (नाव मुद्दाम देत नाही. दिलं की धागा संस्थेच्या निवडणुकीवर जातो.) संभाव्य नावांची यादी सगळीकडे फिरते आहे: खासगी हॉस्पिटलांचे मालक असलेले डॉक्टर, एक औषध वितरक, एक निवृत्त जिल्हा शल्यचिकित्सक, एक माजी लोकप्रतिनिधी, एक सीए. परिचारिका एकच, आणि तीही परदेशात स्थायिक झालेली माजी विद्यार्थिनी.

मंडळ नकोच, असं माझं म्हणणं नाही. हवंच आहे. पण ते कशासाठी, हे आधी ठरवा. अभ्यासक्रम दिल्लीची भारतीय परिचर्या परिषद ठरवते, परीक्षा नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. त्यात मंडळ काडीचाही बदल करू शकत नाही. कॉलेजच्या हातात उरतं ते असं: मुलींची पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातलं प्रत्यक्ष शिक्षण, कुठल्या हॉस्पिटलात लावायची, तिथे त्यांनी काय बघायचं, कौशल्य प्रयोगशाळेत कोणती सामग्री आधी घ्यायची, पेशंटशी बोलायला कसं शिकवायचं. सल्ला इथेच कामाचा.

आणि खान्देशात हा सल्ला पुस्तकात मिळत नाही. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो. उष्माघाताचा पेशंट आला की पहिल्या पंधरा मिनिटांत अंग थंड कसं करायचं, हे इथल्या मुलीला हातानेच यायला हवं. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात आणि कापसाच्या शेतांत फवारणीची विषबाधा होते. नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुव्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, कुपोषण आहे, नर्मदेच्या फुगवट्यावरच्या गावांना बोटीतून दवाखाना जातो. हे सगळं ज्यांच्या हाताखालून जातं त्या सिस्टर यादीत कुठे आहेत?

माझ्या मागण्या दोनच. निम्म्या जागा सध्या ड्युटीवर असलेल्या परिचारिकांना द्या. आणि ज्यांच्या हॉस्पिटलात याच कॉलेजच्या मुली पोस्टिंगला जातात आणि पुढे नोकरीलाही लागतात, त्या मालकांना मंडळावर घेऊ नका.

सावदेकर

पुन्हा एक मंडळ! म्हणजे पुन्हा शाल, नारळ, बॅनरवर अकरा फोटो आणि समोसा.

कला-वाणिज्यच्या कॉलेजांचं उदाहरण बघा. सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ च्या कलम ९७ मध्ये महाविद्यालय विकास समिती आहे. तिच्यावर शिक्षण, उद्योग, संशोधन, समाजसेवा या क्षेत्रांतले स्थानिक सदस्य घ्यायचे, वर्षातून किमान चार बैठका घ्यायच्या, सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. किती ठिकाणी ती समिती खरोखर काही ठरवते? बऱ्याच ठिकाणी शिपाई रजिस्टर घेऊन सदस्याच्या दुकानात जातो आणि सही आणतो. नर्सिंग कॉलेजला तो कायदा लागू नाही हे मला माहीत आहे. पण कायद्याने बांधलेल्या समितीची ही गत, तर नुसत्या हौसेने नेमलेल्या मंडळाची काय होईल?

दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा असा परिषदेचा निकष आहे. आधी ट्यूटर भरा, तेही तपासणीपुरते नाही, वर्षभर हजर राहणारे. मग सल्लागार बघू.

साठ खाटा

मी त्याच ‘मालक-डॉक्टर’ जमातीतला आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

गिरणाकाठ भाऊ, पास झालेली मुलगी पहिल्या दिवशी कोणासमोर उभी राहते? आमच्यासमोर. सलाईनचे थेंब मिनिटाला किती, हे कागदावर मांडता येत नाही. मॉनिटरचा अलार्म वाजला की आधी पेशंटकडे बघायचं की मशीनकडे, याचा गोंधळ असतो. हॅंडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला सोपवणं, ‘सगळं ठीक आहे’ एवढंच. काय कमी पडतं ते मी सांगू शकतो, आणि तुम्ही मलाच दाराबाहेर ठेवता.

दुसरं. बी.एस्सी. नर्सिंग चालवायचं तर शंभर खाटांचं स्वतःचं हॉस्पिटल लागतं आणि एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट हवेत. खाटा कागदावर असतात, पेशंट नसतात. मुली मग कॉरिडॉरमध्ये घोळका करून उभ्या राहतात. त्यांना खरा पेशंट आमच्याकडे मिळतो. ज्याचा वॉर्ड वापरायचा त्यालाच विचारायचं नाही, हा कुठला न्याय?

सावदेकरांचं शिक्षकांबद्दलचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं.

नाईट ड्युटी

साठ खाटा दादा, मी बारा बेडच्या आयसीयूत रात्रपाळी करणारी स्टाफ नर्स. तुमचं मुलींच्या हॅंडओव्हरबद्दलचं खरं आहे, नाकारत नाही. पण त्या पोस्टिंगला येतात तेव्हा त्यांना हॅंडओव्हर ऐकायला कोण उभं करतं? बीपी-टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घे, फाइल एक्स-रेला नेऊन दे, बेड लाव, नातेवाइकांना बाहेर काढ. स्टाफ कमी, म्हणून विद्यार्थिनी भरून काढतात. केस बुक घरी बसून एकमेकींचं बघून लिहितात. शिकवायचं म्हटलं तर ज्या सिस्टरने शिकवायचं, तिच्याकडे आधीच पंधरा पेशंट.

आता पगाराचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी हॉस्पिटलांसाठी शिफारस केली होती. दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार. शंभर ते दोनशे असतील तर सरकारीपेक्षा फार तर दहा टक्के कमी. पन्नास ते शंभर असतील तर फार तर पंचवीस टक्के कमी. त्याहून लहान असेल तरी महिन्याला किमान वीस हजार. तुमच्या नावातच साठ आहे. तुमच्या सिस्टरला सरकारीपेक्षा पंचवीस टक्केच कमी मिळतात का, हे इथे लिहा. मग मंडळावर बसा, मी स्वतः हार घालीन.

साठ खाटा

ताई, शिफारस म्हणजे कायदा नाही. आणि जन आरोग्य योजनेच्या पॅकेजचे दर बघा, पैसे यायला किती महिने लागतात ते बघा, आणि मग माझा हिशेब मांडा. उत्तर टाळत नाही: नाही, तेवढे देत नाही. जवळपासचं दुसरं कोणी देत असेल तर दाखवा. पण पगाराचा वाद आणि शिकवण्याचा सल्ला तुम्ही एका गाठोड्यात बांधता आहात.

गिरणाकाठ

गाठोडं मुळात एकच आहे, डॉक्टर. नोकरी देणारा तुम्हीच, पोस्टिंग देणारा तुम्हीच. उद्या मंडळात विषय निघाला की ‘अमुक हॉस्पिटलात मुलींकडून स्टाफचं काम करून घेतात, ती पोस्टिंग बंद करा’, तर तुम्ही हात वर कराल का?

आणि आमच्याशिवाय पेशंट नाही, हेही आता पूर्वीइतकं खरं नाही. धुळ्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. जळगावला २०१८ मध्ये पहिली तुकडी आली, नंदुरबारला २०२० मध्ये. तिन्ही जिल्ह्यांत सरकारी रुग्णालयं भरभरून वाहतात. तिथे करार करायला, बस लावायला खर्च येतो, म्हणून कॉलेजं जवळच्या खासगी हॉस्पिटलावर भागवतात. सल्लागारांनी खरं तर हेच विचारायला हवं.

तापी ते टेक्सास

यादीतली ‘परदेशातली माजी विद्यार्थिनी’ मी नाही, पण जात तीच. अमळनेरजवळच्या गावातून निघालेली, अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स.

इथल्या विद्यापीठांच्या नर्सिंग आणि आरोग्य महाविद्यालयांना अशी मंडळं असणं अगदी नेहमीचं. त्यावर हॉस्पिटलांचे नर्सिंग प्रमुख असतात, माजी विद्यार्थी असतात, सार्वजनिक आरोग्य खात्याची माणसं असतात, आणि देणगीदारही असतात. उगीच चकचकीत चित्र रंगवत नाही: शिष्यवृत्तीसाठी आणि सिम्युलेशन लॅबसाठी पैसा उभा करणं, हे मंडळाच्या कामातलं मोठं काम असतं. मंडळाला अधिकार नसतो, निर्णय डीनचा. हॉस्पिटलवाले येतात ते भरतीसाठी, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि ते उघड बोलतातही. नर्सिंग कार्यक्रमांना मान्यता देणारी सीसीएनई ही संस्थाही कॉलेज आपल्याशी संबंधित लोकांच्या गरजा विचारात घेतं का, हे तपासते. म्हणून रोजगार देणाऱ्याला बाहेर ठेवा, ही गिरणाकाठ यांची मागणी इथे कोणाला पटणार नाही.

पण दोन सवयी मात्र घेण्यासारख्या आहेत. ज्याचा ज्या विषयात व्यावहारिक संबंध, त्याने तो आधी सांगायचा आणि त्या विषयापुरतं बाजूला बसायचं. आणि मागच्या बैठकीत दिलेल्या सूचनांचं काय झालं, हे पुढच्या बैठकीत सर्वांत आधी सांगायचं. झालं नसेल तर का नाही, तेही. हे जिथे होत नाही, तिथे इथलीही मंडळं नुसती जेवणावळीची असतात.

सातपुड्याची वाट

मी धडगाव भागात उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे, बी.एस्सी. नर्सिंग करून आलोय. मुलगा आहे, म्हणून ‘ब्रदर’. सगळे ‘मुली’ लिहिताहेत म्हणून सांगितलं.

धुळ्याच्या सिव्हिलमध्ये शिकत होतो तेव्हा ‘काय व्हयनं माय, कोठे दुखस?’ असं अहिराणीत विचारलं की म्हातारी घडाघडा बोलायची. इथे वर आलो तर तेही चालत नाही. पावरी, भिली लागते. कॉलेजात संवादकौशल्याच्या नावाखाली आम्हाला इंग्रजीत ‘गुड मॉर्निंग, मी आपली नर्स’ पाठ करून घेतलं होतं. एखाद्या आशाताईला महिन्यातून एक तास वर्गात उभं करा, मानधन द्या. त्याला ना परिषदेची परवानगी लागते ना विद्यापीठाची.

सिकलसेलचंही तसंच. २०२३ च्या जुलैत राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली, २०४७ चं उद्दिष्ट आहे. तपासण्या होतात, कार्डंही वाटतात. पण पोरगा हाडं दुखतात म्हणून रात्रभर ओरडतो आणि ड्युटीवरच्या नवख्या माणसाला वाटतं, नाटक करतोय. दुखणं कमी करणारं औषध वेळेवर द्या, पाणी भरपूर, अंग गरम ठेवा, ताप असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा, हे वेगाने झालं पाहिजे. हायड्रॉक्सीयुरिया ही सिकलसेलची नेमाने घ्यायची गोळी सुरू असलेली माणसं ऊसतोडीला गुजरातेत गेली की गोळी तुटते. परत येईपर्यंत कोण विचारणार? दोघेही वाहक असतील तर लग्नाआधी ते कसं समजावायचं, मन न दुखवता? हे प्रश्न आमच्या परीक्षेत पाच मार्कांची टीप म्हणून येतात.

मला मंडळावर घ्या असं म्हणत नाही. घेतलंच तर फोटोतला आदिवासी प्रतिनिधी म्हणून घेऊ नका.

सावदेकर

ब्रदर, तुमची पोस्ट या धाग्यातली सर्वांत कामाची. आणि त्यामुळेच माझा मुद्दा पक्का होतो. यातली एकही गोष्ट करायला मंडळ लागत नाही. प्राचार्यांनी तुम्हाला एक फोन केला असता तरी पुरे होतं. मंडळ नसल्यामुळे काही अडलेलं नाही, विचारायची इच्छा नसल्यामुळे अडलंय. इच्छा नसेल तर मंडळावर ब्रदर बसले काय आणि औषध वितरक बसला काय.

गिरणाकाठ

फोन प्राचार्यांनी केला, पटलं, सुरू केलं. दोन वर्षांनी प्राचार्य बदलले. नव्याला कोण सांगणार? इतिवृत्तात लिहिलेलं असेल तर निदान कोणी तरी बोट ठेवू शकतं. मंडळाची किंमत माझ्या लेखी एवढीच आहे, पण ती कमी नाही.

टेक्सासच्या ताईंचा बाजूला बसण्याचा नियम मला मान्य आहे. हॉस्पिटलवाल्यांबद्दलची मागणी तेवढी सैल करतो: या, पण पोस्टिंग आणि भरती या विषयांत मत नाही. निम्म्या जागांवरून मात्र हटणार नाही.

चाळीसगावचा वाटसरू

सगळे माजी लोकप्रतिनिधींना हसताहेत. हसा. पण सिव्हिलशी करार, महामंडळाची बस, मुलींच्या वसतिगृहाचं पाणी, यातलं काहीही हलवायचं असेल तर फोन त्यांचाच चालतो. एक असू द्या. फक्त अध्यक्ष करू नका, नाहीतर बैठक भाषणातच संपेल.

साठ खाटा

बाजूला बसायला मी तयार आहे. त्याबदल्यात कॉलेजने लिहून द्यावं की पोस्टिंगला मुलींबरोबर ट्यूटर येईल आणि पूर्ण वेळ थांबेल. मुली आमच्याकडे सोडून ट्यूटर अकरा वाजता निघून जातो, मग त्यांच्याकडून काम कोण करून घेतं म्हणून आम्हालाच धरता.

नाईट ड्युटी

हे मात्र खरं बोललात.

आता निम्म्या जागांचं. गिरणाकाठ दादा, मागणी गोड आहे, पण यादीबरोबर फिरणाऱ्या पत्रात पहिली बैठक कधी आहे ते वाचलंत का? बुधवारी सकाळी अकराला. मी रात्रपाळी करून आठला सुटते, हॅंडओव्हर संपेपर्यंत नऊ. तिकडे अक्कलकुव्यातल्या मोलगीहून येणाऱ्या सिस्टरचा अख्खा दिवस जाईल आणि रजा कापली जाईल. डॉक्टरांना, सीएंना जमतं, त्यांची वेळ त्यांच्या हातात आहे. कॉलेजने आमच्या मेट्रनला आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र द्यावं, की बैठकीचा दिवस कामावर हजर धरावा. येण्या-जाण्याचं भाडं द्यावं, ज्यांना येणं जमत नाही त्यांना व्हिडिओ कॉलवर घ्यावं. एवढं होणार असेल तर माझं नाव घाला. नसेल तर आमच्या खुर्च्या रिकाम्या राहतील, आणि पुढच्या वर्षी तेच म्हणतील की सिस्टर लोकांना रसच नाही.

बैठकीची वेळ बदलून घ्यायला कॉलेजशी कोण बोलतंय?