१९६५ची मस्टँग ब्रेक मारला की डावीकडे ओढते

प्रश्न: चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे जाते, स्टिअरिंगमध्ये पण दोनेक इंच प्ले आहे (तेवढं फिरवलं तरी चाकं वळत नाहीत). जो तो म्हणतो सरळ डिस्क ब्रेक टाक. आधी काय बघू?

उत्तर १: डिस्कचं नंतर बघ रे. डावीकडे ओढते म्हणजे बहुतेक उजवा ब्रेक कमी लागतोय. पुढचे दोन्ही ड्रम उघड, व्हील सिलिंडर (ड्रमच्या आत ब्रेक ढकलणारा छोटा सिलिंडर) गळतोय का बघ, आणि ब्रेक ऑइलचा रबरी होज (पाइप) बदलूनच टाक, तो आतून फुगून बंद होतो आणि बाहेरून एकदम नवा दिसतो, माझे दोन शनिवार गेले त्यात.

उत्तर २: प्लेसाठी कुणाला तरी आत बसवून स्टिअरिंग थोडं थोडं हलवायला सांग आणि खालून बघ. आयडलर आर्म, टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकांपर्यंतचे सांधे, ढिले आहेत का ते. स्टिअरिंग बॉक्सचा प्ले कमी करायचा स्क्रू शेवटी, जास्त आवळलास तर वळणानंतर स्टिअरिंग सरळ यायला कुरकुर करतं.

उत्तर ३: मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की सगळ्या ब्रेकना ऑइल ढकलणारा) विसरू नकोस! ६५ला सिंगल सर्किट, म्हणजे चारही चाकांना एकच ऑइलची लाइन, ती कुठेही फुटली की चारही ब्रेक गेले. ड्युअल, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकना वेगळी लाइन असलेला, १९६७च्या मॉडेलला आला. मी तरी तेच आधी केलं असतं.

प्रश्नकर्ता: उजवाच होज निघाला 😅 ड्युअलचं सामान शोधतोय.