कारखाना बंद झाला. आता विहिरीचे पाणी प्यावे का?

प्रश्न – खाडीकाठचा
आमचे गाव दाभोळ खाडीच्या काठी, लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला आहे. वरचा एक रासायनिक कारखाना तीन वर्षांपूर्वी बंद झाला. त्याआधी वहाळाला फेस येत असे आणि पहिल्या पावसात मेलेली मासळी काठाला लागत असे. आता पाणी नितळ आहे, वासही येत नाही. नळाचे पाणी एक दिवसाआड येत असल्यामुळे विहीर उपसून पुन्हा वापरावी, असे आईचे म्हणणे आहे. टीडीएस मीटरवर आकडा १४० आला, म्हणजे पाणी चांगले समजावे का? गणपतीला भावाची लहान मुले येतील, म्हणून विचारतो.

उत्तर – निवृत्त रसायनशिक्षक
टीडीएस मीटर पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून विरघळलेल्या क्षारांचा केवळ अंदाज देतो. पिण्याच्या पाण्यातील पाऱ्याची भारतीय मानकातील मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे, आणि पीएफओए या फ्लोरीनयुक्त रसायनासाठी अमेरिकेने २०२४ मध्ये ठरवलेली मर्यादा तर लिटरला ४ नॅनोग्रॅम आहे. एवढ्या सूक्ष्म प्रमाणाची दखल तुमचा मीटर घेणार कशी? उकळण्याचाही भरवसा धरू नका, कारण उकळल्याने जंतू मरतात, पण ही फ्लोरीनयुक्त रसायने मागे राहून पाणी आटेल तशी दाटच होतात. उपसल्यावर विहिरीत जे झिरपेल, ते त्याच जमिनीतले पाणी असेल. सर्वप्रथम त्या कारखान्यात काय तयार होत होते, ते शोधा. प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेले संमतीपत्र आणि जुने तपासणी अहवाल माहिती अधिकारात मागता येतात. काय शोधायचे ते ठाऊक नसेल, तर प्रयोगशाळा नेहमीचे घटक तपासून ‘योग्य’ असा शेरा देऊन मोकळी होते.

उत्तर – भोईवाड्यातला
सर्वजण पाण्याबद्दल बोलतात, गाळाबद्दल कोणी बोलत नाही. जपानमधील मिनामाता येथे पाऱ्याच्या विषबाधेची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली आणि पाऱ्याचे सांडपाणी १९६८ मध्ये थांबले. तरीही खाडीतला गाळ काढण्याचे काम १९९० पर्यंत चालले आणि मासे अडवण्यासाठी लावलेले जाळे १९९७ मध्ये निघाले. सांडपाणी थांबल्यानंतरची ही २९ वर्षे मोजली, म्हणजे आपली तीन वर्षे किती थोडी आहेत ते कळेल. आमच्या बायका ओहोटीला त्याच चिखलात उतरून कालवे आणि मुळे हे शिंपले काढतात. चिपळूणच्या बाजारात गिऱ्हाईक मासळीला हात लावण्याआधी ‘खाडीची की समुद्राची?’ असे विचारते, आणि खाडीची म्हटले की भाव पडतो. या नुकसानीचा पंचनामा कोणी केलेला नाही. मिनामातामध्ये मुलांची लग्ने अडतील या भीतीने कुटुंबे आजार लपवत असत; आमच्याकडेही अंगावरच्या पुरळाबद्दल उघड बोलणारे थोडेच आहेत.

उत्तर – खेडकर
इटलीतील त्रिस्सिनो येथील मितेनी कारखान्याचे प्रकरणही पाहावे. तेथील भूजलातील फ्लोरीनयुक्त रसायनांचे प्रदूषण २०१३ मध्ये उघडकीस आले, कंपनीचे दिवाळे २०१८ मध्ये निघाले, आणि माजी अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावली गेली ती २०२५ मध्ये. दिवाळे निघालेल्या कंपनीकडून जमीन साफ करून घेणे किती अवघड असते, हे तेथील लोक जाणतात. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावातून आपल्या लोट्यातच आली, हे वर्तमानपत्रांतून वाचले असेलच. नवा कारखाना सुरू होताना आसपासच्या विहिरींचे पाणी तपासून ठेवले नाही, तर पुढे ‘हे आधीपासूनच होते’ या उत्तरापुढे गावाला काही बोलता येत नाही. तुमच्या विहिरीची जुनी नोंद नसेल, पण आजची तरी करून ठेवा.

प्रश्नकर्ता – खाडीकाठचा
आईला समजावले, विहिरीवर सध्या झाकण घातले आहे. माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी टाकतो. नमुना मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत नेला तर चालेल का?

उत्तर – निवृत्त रसायनशिक्षक
नको. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच मागवा. फ्लोरीनयुक्त रसायनांसाठी सहसा पॉलिप्रॉपिलीनची बाटली लागते, पाऱ्यासाठी काचेची चालते. नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून त्यावर दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. आणि विहिरीबरोबर वहाळाच्या तोंडाचा गाळही द्या, भोईवाड्यातल्या सदस्यांचे म्हणणे बरोबर आहे.