स्प्रिंट संपतो, काम 'थोडंच राहिलंय': नव्या टीम लीडनं आधी काय बदलावं?

खडकीची_लीड

नमस्कार. छत्रपती संभाजीनगरात आमची आठ जणांची टीम आहे: सहा डेव्हलपर, एक टेस्टर आणि मी. टीम लीडही मीच, स्क्रम मास्टरही मीच (स्क्रम म्हणजे छोट्या ठरावीक फेऱ्यांत काम पूर्ण करायची पद्धत, ती नीट चालवायची जबाबदारी माझी). प्रॉडक्ट आडत दुकानांसाठीचं आहे. त्यात काट्यावरचं वजन, शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशोब), खरेदीदाराचं बिल एवढं येतं. प्रॉडक्ट ओनर, म्हणजे काय बनवायचं ते ठरवणारे, लातूरला बसतात. स्प्रिंट, म्हणजे कामाची एक फेरी, दोन आठवड्यांचा.

अडचणी अशा. बोर्डावर (कामाची कार्डं रकान्यांत लावलेला फळा) कधीही पाहा, १२ स्टोऱ्या, म्हणजे कामाचे तुकडे, चालू असतात. स्प्रिंट संपताना पूर्ण होतात सहाच्या आसपास. बाकीच्यांचं 'थोडंच राहिलंय'. डेली, म्हणजे रोजची छोटी बैठक, ४० मिनिटं चालते आणि जो तो माझ्याकडं बघून हिशोब देतो. रेट्रोत (स्प्रिंट कसा गेला ते बोलायची शेवटची बैठक) सगळे गप्प. टेस्टरकडं सगळं शेवटच्या दोन दिवसांत येऊन पडतं. दसऱ्यापासून सोयाबीनची आवक वाढली की दुकानांचे फोन सुरू होतात, मग नियोजन राहतं कागदावर.

नेतृत्वाची पुस्तकी व्याख्या नको. आधी कशाला हात घालावा, ते सांगा.

बोर्डवाला_नांदेड

ताई, उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. दोन आठवड्यांत कामाचे दिवस १०, त्यात सहा स्टोऱ्या पूर्ण होतात. म्हणजे दिवसाला ०.६. एकावेळी १२ उघड्या असतील तर एक स्टोरी हातात घेतल्यापासून संपेपर्यंत सरासरी १२ भागिले ०.६, म्हणजे २० कामाचे दिवस लागणार. याला लिटलचा नियम म्हणतात. तो सरासरीचा नियम आहे, एकेका स्टोरीचं भाकीत त्यातून करू नका. पण १० दिवसांच्या स्प्रिंटमध्ये २० दिवसांची रांग लावल्यावर 'थोडंच राहिलंय' हेच ऐकू येणार. यात पोरांच्या आळसाचा संबंध नाही.

उघड्या स्टोऱ्या सहावर आणा. वेग तोच राहिला तरी सरासरी १० दिवसांवर येते. रकान्यांवर मर्यादा लिहून टाका: डेव्हलपमेंट ३, रिव्ह्यू (दुसऱ्यानं कोड तपासणं) १, टेस्टिंग २. आत्ताच्या १२ पैकी सहा फेकायच्या नाहीत. मर्यादेखाली येईपर्यंत नवी उघडायची नाही, एवढंच.

लगेच प्रश्न येईल, सहा डेव्हलपरना तीनच स्टोऱ्या कशा पुरतील? एका स्टोरीवर दोघं बसतील. नाहीतर मोकळा झालेला माणूस रिव्ह्यू उरकेल, टेस्टरला चाचणीचा डेटा बनवून देईल, ऑटोमेटेड टेस्ट लिहील. टेस्टिंगचा रकाना भरलेला असताना नवा कोड लिहिणं म्हणजे टेस्टरपुढची रांग वाढवणं. पहिल्या एक-दोन स्प्रिंटमध्ये काही जण रिकामे दिसतील आणि वरून विचारणा होईल. तेव्हा मर्यादा सैल केली की सगळं मूळपदावर.

एक पळवाट हमखास निघते: 'ब्लॉक्ड' नावाचा नवा रकाना करून कार्डं तिकडं सरकवायची. तसा रकाना देऊच नका. अडलेलं कार्ड जागेवरच राहील, त्यावर लाल खूण आणि अडल्याची तारीख, आणि ते मर्यादेत मोजलं जाईल. जागा अडून राहिली तरच अडचण सोडवायची घाई होते.

डेलीत एकेका माणसाला विचारू नका, एकेक कार्ड घ्या. बोर्ड उजवीकडून वाचायचा, म्हणजे पूर्ण होण्याच्या सगळ्यात जवळचं कार्ड आधी. प्रत्येक कार्डाबद्दल एकच प्रश्न: हे आज पुढं सरकायला काय हवंय? 'काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' हे तीन प्रश्न २०२० च्या स्क्रम गाइडमधून (स्क्रमच्या नियमांच्या पुस्तिकेतून) काढलेलेच आहेत. १५ मिनिटांची मर्यादा मात्र कायम आहे. चर्चा लांबली की संबंधित दोघा-तिघांनी नंतर थांबायचं, बाकीचे मोकळे. आणि तुम्ही बोर्डाजवळ उभ्या राहू नका. बोर्ड रोज वेगळ्यानं चालवायचा. समोर तुम्ही दिसत असाल तर ते तुम्हालाच हिशोब देणार.

मांजराकाठ

वरचं सगळं बरोबर, पण आकड्यांनी अर्धंच काम होईल. आपल्याकडं पोरं 'हो मॅडम, होऊन जाईल' म्हणतात. ते खोटं बोलायलेत असं नाही. वरिष्ठाला नाही म्हणणं उद्धटपणा, हे घरून आणि कॉलेजातून पक्कं झालेलं असतं. म्हणून वाईट बातमी तुमच्यापर्यंत दहाव्या दिवशी पोचते. ती तिसऱ्या दिवशी पोचेल अशी व्यवस्था लावणं, माझ्या मते लीडचं पहिलं काम हेच.

'झालं का?' हा प्रश्न बंद करा, त्याचं उत्तर 'होईल' असंच येतं. त्याऐवजी 'यात अजून न कळलेलं काय आहे?' किंवा 'आत्ता चालतंय तेवढं दाखव' असं विचारा. तिसऱ्या दिवशी दाखवण्यासारखं काहीच नसेल तर स्टोरी मोठी आहे. आणि कुणी अडचण सांगितली की पहिलं वाक्य 'आधी का नाही सांगितलंस?' हे नको. ते एकदा सगळ्यांसमोर निघालं की पुढचे कित्येक आठवडे कुणी तोंड उघडत नाही.

स्टोरी किती मोठी याचा अंदाज पॉइंटांत लावताना प्रत्येकानं आकड्याचा पत्ता निवडायचा आणि सगळ्यांनी तो एकदम उघडायचा. प्लॅनिंग पोकर त्यासाठीच आहे. सीनियरनं आधी '३' म्हटलं की ज्युनियरचा ८ पडायच्या आत ३ होतो. एकाचा २ आणि दुसऱ्याचा ८ आला तर सरासरी काढू नका, त्या दोघांनाच बोलायला लावा. आठवाल्याला बहुधा असं काही दिसलेलं असतं, जे दोनवाल्याला माहीतच नाही.

रेट्रो अशी घ्या. पहिली सात मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकानं तीन चिठ्ठ्या लिहायच्या. तुम्ही लिहा, पण वाचा शेवटी. विभागाचे मॅनेजर खोलीत नकोत. ते बसले तर चिठ्ठीवर 'समन्वय वाढवावा' छापाचंच काहीतरी येणार. शेवटी एकच सुधारणा निवडा, तिला एकाचं नाव लावा आणि पुढच्या स्प्रिंटच्या बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) कार्ड म्हणून टाका. दहा ठराव केले की एकही होत नाही, हे ग्रामसभेत पाहिलेलंच आहे सगळ्यांनी.

वाटून देण्याची सवयही सोडावी लागेल. सकाळी तुम्हीच कामं वाटली तर ती टीमची स्टोरी राहत नाही, तुमचं काम ती माणसं करायलीत असं होतं. कार्डांचा क्रम ठरलेला असू द्या. जो मोकळा झाला त्यानं वरचं कार्ड उचलायचं. अवघड कार्ड तुम्हाला दोन तासांत जमत असलं तरी घेऊ नका, शेजारी बसा.

आवक_जावक

मी स्टोऱ्यांच्या आकाराबद्दल बोलतो, कारण मला मूळ तिथं दिसतं. डेटाबेस, एपीआय (डेटाबेस आणि स्क्रीन जोडणारा कोड), स्क्रीन असे थरांनुसार तुकडे पाडत असाल तर तिन्ही जुळल्याशिवाय टेस्टरला काहीच तपासता येत नाही. शेवटच्या दोन दिवसांतला ढीग त्यातूनच तयार होतो.

'शेतकऱ्याची पट्टी' घ्या. पहिला तुकडा: फक्त सोयाबीन, एकच वजन, हमाली आणि तोलाई ठरलेल्या दरानं वजा, पट्टी छापून बाहेर. दुसरा: एकाच शेतकऱ्याचे दोन-तीन ढीग वेगवेगळ्या भावानं. तिसरा: आधी दिलेली उचल वळती करणं. चौथा: काट्यावरून वजन थेट घेणं. पहिला तुकडा लहान दिसतो, पण तो आडत दुकानात नेऊन दाखवता येतो. काट्याचं काम मुद्दाम शेवटी ठेवलंय. काटे वेगवेगळ्या कंपन्यांचे असतात, तिथं वेळ किती जाईल याचा भरवसा नाही.

प्रत्येक तुकड्यासोबत प्रॉडक्ट ओनरकडून नियम आधीच लिहून घ्या. हमाली पोत्यावर की क्विंटलवर? बारदानाचं वजन वजा कधी करायचं? पैसे जवळच्या रुपयाला करायचे ते प्रत्येक ओळीत की शेवटच्या बेरजेत? एवढ्या तीन उत्तरांवाचून स्टोरी स्प्रिंटमध्ये घेतली की ती नवव्या दिवशी अडणार. स्प्रिंटच्या मध्यावर प्रॉडक्ट ओनरसोबत तासभर बसून पुढच्या कामाची अशी छाननी करा. ते लातूरला आहेत, तर व्हिडिओवर बसा. पण सीझनच्या आधी टीममधल्या दोघांना मोंढ्यात पाठवून एक दिवस सौदे नि काटा बघायला लावा.

'पूर्ण'ची व्याख्याही लिहून भिंतीवर लावा: कोड रिव्ह्यू झाला, टेस्ट पास, चाचणी सर्व्हरवर चढलं, पट्टीची बेरीज टेस्टरनं हातानं पडताळली. ९० टक्के पूर्ण असा प्रकार नाही. स्प्रिंट संपताना राहिलेली स्टोरी बॅकलॉगमध्ये परत जाते आणि तिचे पॉइंट त्या स्प्रिंटला शून्य. अर्धे पॉइंट दिले की वेगाचा, म्हणजे स्प्रिंटमागे पूर्ण होणाऱ्या पॉइंटांचा, आकडा फुगतो आणि पुढचं नियोजनही चुकतं.

नियोजनात माणसांच्या सुट्ट्या आधी वजा करा. तुम्ही सोडून सात जण गुणिले १० म्हणजे ७० माणूस-दिवस, हा कागदावरचा आकडा. पोळा आणि महालक्ष्म्या ज्या स्प्रिंटमध्ये येतात तिथं गावाकडं जाणारे निम्मे असतात, आणि ते नियोजनाच्या बैठकीतच विचारायचं असतं.

खडकीची_लीड

खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. दोन शंका. मॅनेजरना दर आठवड्याला माणशी पॉइंटांचा तक्ता हवाय. आणि सीझनमधल्या फोनांना पॉइंट द्यायचे का?

बोर्डवाला_नांदेड

तक्त्याचं आधी. माणशी पॉइंट मोजले की दुसऱ्याचा रिव्ह्यू करायला कुणी उठत नाही, कारण त्याचे पॉइंट मिळत नाहीत. शिवाय ३ ची स्टोरी आपोआप ५ ची होते. त्यांना पूर्ण स्टोऱ्यांची संख्या, सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचे सरासरी दिवस आणि दुकानांकडून आलेल्या चुका, एवढे तीन आकडे टीमचे म्हणून द्या. मॅनेजरना खरं तर 'कधी होणार' हे कळायला हवं असतं, ते यातून कळतं.

आवक_जावक

फोनांना पॉइंट नकोत, ते मोजा फक्त. सीझनच्या स्प्रिंटमध्ये एक डेव्हलपर पूर्णपणे फोनांसाठी राखून ठेवा, आठवड्यानं पाळी बदला. त्याच्या नावावर स्टोरी नसावी, फोन नसतील तेव्हा तो जुने बग काढेल. बोर्डावर वर एक वेगळी आडवी ओळ आखा, मर्यादा १. काटा किंवा पट्टी बंद पडून दुकान थांबलं असेल तरच कार्ड त्या ओळीत. बाकी फोन प्रॉडक्ट ओनरमार्फत बॅकलॉगमध्ये. तिथं दुसरं कार्ड आलं तर काय थांबवायचं हे प्रॉडक्ट ओनरनं सांगायचं, टीमनं नाही. आणि दसऱ्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून नवा बदल दुकानांवर चढवणं बंद, फक्त दुरुस्त्या. सौदे चालू असताना अपडेट टाकूच नका. दिवसाच्या पट्ट्या निघाल्यावर संध्याकाळी, आधी एका दुकानात, दुसऱ्या दिवशी बाकीच्यांत.