सांगणारा कोण? या हिवाळ्यात वाचलेल्या कादंबऱ्यांविषयी

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर मंडळाच्या ग्रंथपेटीतून मी ज्या कादंबऱ्या घरी नेल्या होत्या त्या सर्व वाचून झाल्या आहेत आणि येत्या शनिवारी त्या पेटीत परत ठेवीन. निवडताना कोणताही प्रकार मनात धरला नव्हता, हाताला लागतील ती पुस्तके उचलली होती. त्यामुळे ग्रामीण, ऐतिहासिक, पत्ररूप, विज्ञानविषयक आणि भयकथा अशी सगळी सरमिसळ झाली. एकीमागून एक वाचत गेल्यावर मात्र प्रत्येक वेळी मी एकच प्रश्न विचारू लागलो: ही गोष्ट कोण सांगतो आहे, आणि ती सांगण्याचा अधिकार त्याला कुठून मिळाला? ज्या कादंबऱ्यांत या प्रश्नाचे उत्तर खणखणीत मिळाले, त्या मनात राहिल्या.

पहिली विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’. ती १९३९ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे ज्या वर्षी महायुद्ध सुरू झाले त्याच वर्षी, आणि मी ती हॅम्बुर्गमध्ये वाचली, हा योग माझ्यासाठी साधा नाही. युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आणि हॅर्टा ही नाझी राजवटीने देशोधडीला लावलेली ज्यू मुलगी यांची भेट होते. बोटीवरच्या मोजक्या दिवसांत ती त्याच्यावर जीव लावते. मुंबईला तो उतरतो आणि तिची बोट पुढे पूर्वेकडे निघून जाते. आपल्या शहरात घरांसमोरच्या फरसबंदीत बसवलेले लहान पितळी चौकोन आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांवर ‘येथे राहत होते’ अशी सुरुवात असते, मग नाव, जन्मवर्ष आणि त्या माणसाचे पुढे काय झाले ते. बहुतेकांवर छळछावणीचे नाव असते. मात्र माझ्या रोजच्या वाटेवरील एका चौकोनावर शेवटचा शब्द ‘शांघाय’ असा आहे. त्या काळी शांघाय हे परवान्याशिवाय उतरता येईल असे जवळजवळ एकमेव बंदर होते, आणि तिकडे जाणाऱ्या अनेक बोटी इटलीच्या बंदरांतून निघून सुवेझमार्गे मुंबईला थांबत. सव्वीस वर्षे मी त्या चौकोनावरून चालत आलो, पण ज्या बोटीने ही माणसे गेली असतील तशीच बोट आपल्या भाषेतील एका कादंबरीत, ती माणसे प्रत्यक्ष समुद्रावर असतानाच, नोंदली गेली आहे, हे मला साठीनंतर कळावे याची खंत वाटते.

या कादंबरीचे सामर्थ्य असे की चक्रधर स्वतःला कुठेही चांगला ठरवत नाही. तो प्रेमात पोळलेला आहे, कडवट आहे, आणि हॅर्टाच्या प्रेमापुढे त्याचे धैर्य अपुरे पडते. हे सारे तो आपल्याला सांगतो. एखाद्या त्रयस्थ निवेदकाने हीच कथा सांगितली असती, तर ती निर्वासितांविषयीची करुण कथा झाली असती. चक्रधर सांगतो म्हणून ती आपल्यातील एका माणसाच्या कसोटीची कथा होते, आणि वाचकाची सुटका होत नाही.

दुसरी नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’, १९९७ सालची. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी म्हटले की थोर पुरुष, त्याचे स्वगत आणि तेजस्वी संवाद डोळ्यांसमोर येतात. तारुण्यात मीही ‘स्वामी’ रात्र रात्र जागून वाचली आहे आणि तिच्याविषयीचे माझे प्रेम कमी झालेले नाही. परंतु अंताजी हा थोर पुरुष नव्हे. तो अठराव्या शतकातील एक धूर्त, भित्रा, चौकस आणि पोटापाण्यासाठी कुणाचीही चाकरी करणारा माणूस आहे, जो बंगालवरच्या मराठी स्वाऱ्यांपासून प्लासीपर्यंतच्या उलाढाली खालून, सैन्याच्या मागच्या बाजूने पाहतो. खऱ्यांनी त्याला बखरीची जुनी बोली दिली आहे. ती पहिली पंधरा-वीस पाने अडखळवते आणि मग तिची अशी चटक लागते की साध्या मराठीकडे परत येणे जड जाते.

बंगालचा उल्लेख केला म्हणून एक गोष्ट सांगतो. आमच्या शेजारच्या बंगाली कुटुंबातील आजी नातीला निजवताना जे अंगाईगीत म्हणत, त्यात ‘बर्गी’ देशात आल्याचा उल्लेख येतो. हे बर्गी म्हणजे आपले बारगीर. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांची धास्ती तेथील आयांनी अंगाईत घालून ठेवली, आणि कोलकात्याभोवती त्या काळी खणलेल्या चराला मराठ्यांचेच नाव मिळाले. शाळेच्या पुस्तकात मी या स्वाऱ्या चौथाईच्या वसुलीचे एक वाक्य म्हणून शिकलो होतो. अंताजी त्या वाक्याच्या आत नेऊन उभे करतो. आपल्या इतिहासाकडे पाहण्याचे इतके धारिष्ट मी दुसऱ्या कोणत्याही मराठी ऐतिहासिक कादंबरीत पाहिलेले नाही. नंदा खरे हे पेशाने बांधकाम अभियंता होते, आणि ‘उद्या’ या कादंबरीला साहित्य अकादमीचा २०२० सालचा पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्यांनी तो नाकारला. ‘उद्या’ आपल्या पेटीत नाही. ती मागवावी अशी मी समितीला विनंती करतो.

तिसरी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. ती १९५५ सालची आहे आणि बहुतेकांनी वाचलेली असल्यामुळे थोडक्यात लिहितो. औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर शाळा चालवण्यासाठी जातो, हळूहळू वाडीचा होतो, आणि शेवटी दुष्काळाने वाडीच उठून जाते. माडगूळकरांचा मास्तर बाहेरचा आहे म्हणूनच त्याला सगळे दिसते आणि म्हणूनच तो निवाडा करत नाही. बैल मेल्यावर शेकूची बायको स्वतः औताला जुंपून घेते, हा प्रसंग ते ज्या शांतपणे सांगतात, तो शांतपणा आजच्या ग्रामीण लेखनात मला क्वचितच आढळतो.

पु. शि. रेगे यांची ‘सावित्री’ १९६२ सालची आणि केवळ एकोणचाळीस पत्रांची. ती सर्व पत्रे सावित्रीची आहेत. ज्याला ती लिहिली आहेत त्याचे एकही उत्तर पुस्तकात नाही. मी ती एका संध्याकाळी वाचली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली. प्रांजळपणे लिहितो की मोराची सुप्रसिद्ध गोष्ट सोडली, तर मला ती हाती लागली नाही. सावित्री इतकी समंजस, इतकी प्रसन्न आहे की तिच्यावर काही गुदरले आहे असे मला जाणवले नाही.

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ मला अतिशय आवडली. नववीतील मुकुंद जोशीची भाषा इतकी खरी आहे की आणीबाणीचे ते वर्ष त्या मुलांच्या पायरीवरून दिसते. नारायण धारपांची ‘लुचाई’ मी भीती वाटावी म्हणून घेतली आणि भीती वाटली. मूळ कल्पना अमेरिकन कादंबरीची असली, तरी धारपांचा निवेदक आपल्यातीलच एखाद्या सज्जन गृहस्थासारखा धिमेपणाने बोलतो, आणि त्या धिमेपणातूनच अंगावर काटा येतो.

शेवटी डॉ. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’. त्यांच्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे, आणि तो ठेवूनच लिहितो की येथे माझ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. वैज्ञानिक प्रयोगासाठी खोल खोदकाम करताना लुप्त झालेल्या एका प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो, त्यातील ज्ञानातून यंत्रमानव तयार होतो, आणि तो आपल्यासारखेच दुसरे निर्माण करू पाहतो. कल्पना भव्य आहे. मात्र ती कोण सांगते आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. माणसे संकल्पना वाहून नेण्यापुरती येतात.

आपणांपैकी ज्यांनी ही पुस्तके वाचली असतील त्यांनी आपले मत अवश्य कळवावे.

आपला,
ग्रंथपेटीचा एक जुना वाचक

————

आदरणीय काका, सादर नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. ‘रणांगण’ मी दहा वर्षांपूर्वी पुण्यात वाचली होती, तेव्हा ती मला एका प्रवासातील प्रेमकथेसारखी वाटली होती. शांघायचा चौकोन आपण दाखवलात, आता ती मला नव्याने वाचावी लागेल.

आपल्या दोन मतांशी मात्र मी सहमत नाही, आणि ते मोकळेपणाने लिहिते.

पहिले मत ‘वामन परत न आला’विषयीचे. मी रोजच्या नोकरीत यंत्रमानवांच्या नियंत्रणाचे काम करते. त्या कामात जी गोष्ट सर्वांत अधिक सतावते ती हीच, की यंत्राला आपण जे उद्दिष्ट देतो आणि ते यंत्र जे समजते, यांत फट राहते, आणि ती फट कुणा एकाच्या दुष्टपणातून आलेली नसते. नारळीकरांनी ही कादंबरी यंत्रमानव कारखान्यांपुरते असताना लिहिली आणि वामनला त्यांनी खलनायक केले नाही. त्याची मागणी तर्काला धरून आहे, आणि म्हणूनच ती भयंकर आहे. अशी कथा एखाद्या पात्राच्या तोंडून आली असती, तर वाचक त्या पात्राच्या बाजूने किंवा विरुद्ध उभा राहिला असता आणि युक्तिवादाकडे त्याचे दुर्लक्ष झाले असते. कथेतील तर्क उघडा राहावा म्हणून नारळीकरांचा निवेदक बाजूला राहतो, असे मला वाटते. ही कादंबरी मी नववीत वाचली आणि मी आज जे काम करते त्याची सुरुवात तेथे आहे, त्यामुळे तिच्याविषयी मी तटस्थ नाही, हेही नमूद करते.

दुसरे मत अधिक महत्त्वाचे आहे. सांगणारा कोण, हा आपला प्रश्न मला पटतो, पण त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न ठेवावासा वाटतो: कुणाला सांगायला मिळाले नाही? शेकूच्या बायकोने औत ओढले, हे आपल्याला मास्तरच्या डोळ्यांनी कळते. ‘शाळा’तील शिरोडकर आपल्याला जोशीच्या डोळ्यांनी कळते, ती गाव सोडून गेल्यावर तो मागे राहतो आणि आपणही त्याच्याच बरोबर मागे राहतो. ही त्या लेखकांची चूक आहे असे मी म्हणत नाही, कारण दोन्ही कादंबऱ्या आपल्या निवेदकाशी प्रामाणिक आहेत. पण असे निवेदक सलग वाचल्यावर मला कविता महाजन यांची ‘ब्र’ आठवली. २००५ साली आलेली ही कादंबरी स्वयंसेवी संस्थेत काम करणारी प्रफुल्ला सांगते, आणि ती ज्या आदिवासी महिला सरपंचांना भेटते त्या आपापल्या बोलीत, आपापल्या क्रमाने बोलू लागतात. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या, ही माहिती आपल्या सर्वांना आहे. खुर्चीवर बसलेल्या बाईला सभेत तोंड उघडण्यासाठी काय काय सोसावे लागते, हे मला ‘ब्र’ने सांगितले. ‘ब्र काढायचा नाही’ या वाक्यातील ते एक अक्षर लेखिकेने पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ठेवले, इतके समर्पक शीर्षक मराठीत विरळा. प्रफुल्लाचा आवाज काही ठिकाणी अहवालासारखा कोरडा होतो, हे खरे आहे. तरीही ती अनेकदा मागे सरून दुसरीला बोलू देते, आणि हा गुण मला मोठा वाटतो.

‘सावित्री’विषयी आपण जे लिहिलेत त्याने मला वाईट वाटले. तिच्यावर काही गुदरलेले नाही असे आपणांस वाटले, कारण ती तक्रार करत नाही. सभोवती महायुद्धाचा काळ आहे, ती घरापासून दूर जपानमध्ये आहे, आणि जे हवे ते मिळण्याची वाट न पाहता आपणच ते व्हावे, या मोराच्या गोष्टीतील विचारावर ती आपले आयुष्य उभे करते. उत्तरे न छापण्याचा निर्णय रेग्यांनी घेतला म्हणून ती पत्रे आपल्याला आलेली वाटतात. मी प्रथम घर सोडून येथे आले त्या हिवाळ्यात सावित्री माझ्या उशाशी होती. कृपया ती पुन्हा एकदा वाचावी, आणि एका बैठकीत नव्हे, तर पत्रे जशी येतात तशी, दिवसाला एक या बेताने. जपानचा विषय निघाला म्हणून गौरी देशपांडे यांचे ‘तेरुओ आणि काही दूरपर्यंत’ही सुचवते, एका विवाहित भारतीय स्त्रीचे जपानी पुरुषावरील प्रेम त्यांनी कोणतीही सबब न देता लिहिले आहे. माझी प्रत मी पेटीसाठी देईन.

आपली नम्र,
मंडळाची एक सभासद

————

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्राला उत्तर देण्यापूर्वी मी तीन आठवडे थांबलो, कारण आपण सांगितल्याप्रमाणे ‘सावित्री’ रोज एक पत्र या गतीने वाचायला घेतली आहे. आज एकविसावे पत्र झाले. पहिल्या वाचनात जी प्रसन्नता मला सहज वाटली होती, ती प्रत्येक पत्रात तिने नव्याने कमावलेली आहे, हे आता दिसते. दिवसभर उत्तराची वाट पाहिल्यासारखे वाटते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिचेच पत्र येते. माझे आधीचे मत मी मागे घेतो.

नारळीकरांविषयी आपला मुद्दा समजला, पण मला पूर्णपणे पटला नाही. तर्क उघडा राहावा म्हणून माणसे पुसट करावीच लागतात, असे मला वाटत नाही. वामन खलनायक नाही, हे मात्र आपण म्हणता तसेच आहे, आणि ते माझ्या लक्षात यायला हवे होते. ‘ब्र’ मी वाचलेली नाही. आपल्याकडे असल्यास शनिवारी आणावी.

आपला दुसरा प्रश्न घेऊन मी ‘रणांगण’कडे परत गेलो. चक्रधरच्या प्रामाणिकपणाविषयी मी आपणां सर्वांना इतके लिहिले, परंतु हॅर्टाच्या पत्रांविषयी एक शब्दही लिहिला नाही, ही माझी मोठी चूक झाली. तो मुंबईला उतरल्यानंतर बोटीवरून ती त्याला लिहिते, आणि तेथे प्रथमच ती त्याच्या नजरेतून सुटून स्वतः बोलते. ती पानेही मी पुन्हा वाचली, दिवसाला एक. सावित्रीची उत्तरे रेग्यांनी पुस्तकाबाहेर ठेवली आहेत, पण ती कुठेतरी असतील असे वाचकाला मानता येते. हॅर्टाला उत्तर पाठवायला अवधीच उरत नाही.

‘रणांगण’ची प्रत या शनिवारी पेटीत ठेवीन. तिच्यावर पहिला हक्क आपला.

आपला,
काका